कार वाहणारी वेगवान कॅटामरान: सगळा खेळ वजनाचा

प्रश्न असा आहे: शेकडो माणसं आणि मोटारी घेऊन ३५-४० नॉट (ताशी ६५-७५ किलोमीटर) वेगानं पळणाऱ्या दोन अंगांच्या फेरीबोटी, म्हणजेच कॅटामरान, आल्या कुठून, त्यांची रचना तशीच का असते, आणि एवढा वेग असूनही त्यांनी जुन्या संथ फेरीबोटींना हद्दपार का केलं नाही?

मी ॲल्युमिनियमच्या वेगवान बोटींच्या सांगाड्यांवर काम करते. आधी बरीच वर्षं नकाशे आणि आकडेमोड केली, नंतर तपासणीसाठी बोटींच्या पोटात शिरले. या तिन्ही प्रश्नांचं उत्तर मला विचाराल तर एकच शब्द आहे: वजन. ही बोट वेगवान आहे कारण ती हलकी आहे. तिची निम्मी दुखणीही हलकेपणातून येतात, आणि जिथे ती फसली तिथे बहुतेक वेळा कुणीतरी हे विसरलं होतं.

इतिहासापासून सुरुवात करते. ‘कॅटामरान’ हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. गंमत अशी, की मूळ कट्टुमरम ही दोन अंगांची बोट नव्हतीच; तो ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा. दोन होड्या आडव्या दांड्यांनी जोडायची रीत पॅसिफिकच्या बेटांवरची. युरोपीय खलाशांनी एकीचं नाव दुसरीला चिकटवलं आणि ते टिकलं. १८७६ मध्ये अमेरिकेत नथानिएल हेरेशॉफनं ‘अमॅरिलिस’ नावाची दोन अंगांची शिडाची बोट शर्यतीत उतरवली आणि बाकीच्यांना असं मागे टाकलं, की अशा बोटींना शर्यतीतूनच बाद करण्यात आलं. कल्पना जुनी होती. अडलं होतं ते हलक्या धातूपाशी आणि हलक्या इंजिनापाशी.

मोटारी घेऊन समुद्रावरून खरोखर पळणारं पहिलं मोठं वाहन मात्र कॅटामरान नव्हतं. १९६८ पासून इंग्लिश खाडीत धावणारं एसआर-एन४ हे हॉवरक्राफ्ट तो मान घेऊन गेलं. हवेच्या उशीवर तरंगणारा, विमानासारखे चार पंखे लावलेला हा अजस्र प्राणी अर्ध्या तासात खाडी पार करायचा. कान किटायचे, रबरी झालर सतत फाटायची, इंधन बेसुमार लागायचं. तरीही १ ऑक्टोबर २००० पर्यंत तो चालला, म्हणजे वेगासाठी पैसे मोजणारी माणसं होती. कॅटामरानला हे गिऱ्हाईक आयतं मिळालं.

आता होबार्ट. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरचं हे शहर डर्वेंट नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं आहे आणि मध्ये टास्मान पूल आहे. ५ जानेवारी १९७५ च्या रात्री ‘लेक इलावारा’ नावाचं, जस्ताचं खनिज भरलेलं जहाज पुलाच्या खांबांवर आदळलं. पुलाचा सव्वाशेएक मीटरचा भाग कोसळला, जहाज त्याखाली बुडालं. जहाजावरचे ७ आणि मोटारींतले ५, असे १२ जण गेले. दोन मोटारी तुटलेल्या कडेवर पुढची चाकं अधांतरी लोंबकळत थांबल्या. तो फोटो एकदा पाहिला की विसरत नाही. पूल पुन्हा सुरू व्हायला १९७७ चा ऑक्टोबर उजाडला. मधली पावणेतीन वर्षं पलीकडच्या काठावरच्या हजारो लोकांना रोज कामाला यायचं कसं, हा प्रश्न होता.

बॉब क्लिफर्ड नावाच्या माणसाच्या तेव्हा नदीवर फेऱ्या चालायच्या. अपघातानंतर त्याच्या बोटी अक्षरशः ओसंडून वाहू लागल्या. ज्या कामाला आधी फारसं कुणी विचारत नव्हतं, ते रातोरात शहराची गरज बनलं. त्यातून जास्त माणसं, जास्त वेगानं, कमी खर्चात कशी न्यायची हा विचार सुरू झाला, आणि १९७७ च्या सुमारास फिलिप हर्कस या नौकारचनाकाराबरोबर त्यानं कॅटामरान बांधायला घेतल्या. पुढे ‘इनकॅट’ नावानं ओळखला जाणारा कारखाना तो हाच. पूल पडला नसता तर या बोटी झाल्याच नसत्या असं मी म्हणणार नाही. नॉर्वेत त्याच दशकात प्रवासी कॅटामरान धावतच होत्या. पण जगाच्या एका टोकाला असलेल्या छोट्या शहरात हा धंदा रुजला, त्याचं कारण तो पूल.

१९८० च्या दशकात हर्कस आणि क्लिफर्ड यांनी लाट कापत जाणाऱ्या आकाराचा शोध घेतला. त्याबद्दल पुढे सांगते. १९९० मध्ये ७४ मीटर लांबीची ‘हॉवरस्पीड ग्रेट ब्रिटन’ पाण्यात उतरली. लाट कापणारी आणि मोटारी नेणारी ही पहिली मोठी कॅटामरान, सुमारे ८० मोटारींची. होबार्टहून इंग्लंडला पोचवायची होतीच, तेव्हा जाता जाता अटलांटिकचा विक्रम का मोडू नये, असं ठरलं. ३ दिवस ७ तास ५४ मिनिटांत तिनं महासागर ओलांडला आणि १९५२ पासून ‘युनायटेड स्टेट्स’ या प्रवासी जहाजाकडे असलेला हेल्स करंडक मिळवला. करंडक अमेरिकेतल्या संग्रहालयात होता आणि तिथल्या मंडळींना ही मोटारींची फेरीबोट त्या खानदानी जहाजाच्या पंगतीला बसवणं मुळीच रुचलं नाही. वाद झाला, पण करंडक गेला. १९९८ मध्ये ९१ मीटरच्या दोन कॅटामराननी काही आठवड्यांच्या अंतरानं हा विक्रम पुन्हा दोनदा मोडला. त्यातली दुसरी, ‘कॅट-लिंक ५’, सरासरी ४१ नॉटच्या वर गेली. नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर, ४१ नॉट म्हणजे ताशी साधारण ७६ किलोमीटर. रस्त्यावर ते काहीच नाही. हजारो किलोमीटर खवळलेल्या पाण्यावर तो भीतिदायक आहे.

आता रचनेकडे. साधं जहाज वेग वाढवत गेलं की स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकतं. जितका वेग जास्त तितकी ती लाट लांब होते, आणि लाटेची लांबी जहाजाइतकी झाली की नाळ, म्हणजे पुढचं टोक, एका शिखरावर, मागचं टोक दुसऱ्या शिखराकडे घसरतंय अशी अवस्था येते. त्यापुढे जाणं म्हणजे सतत चढ चढणं. १०० मीटरच्या जहाजाला ही भिंत साधारण २४ नॉटला लागते. इंजिन वाढवून ती ओलांडता येते, पण इंजिन वाढलं की वजन वाढतं, वजन वाढलं की जहाज जास्त बुडतं आणि लाट आणखी मोठी होते.

यावरचा उपाय म्हणजे बारीक व्हायचं. पाणी जितकं कमी बाजूला सारावं लागेल तितकी लाट लहान. ११२ मीटरच्या इनकॅट बोटीचं उदाहरण घ्या. पाण्याच्या पातळीवर तिची लांबी १०५ मीटरहून थोडी जास्त, आणि एकेका हलची, म्हणजे पाण्यात बसणाऱ्या एकेका अंगाची रुंदी फक्त ५.८ मीटर. लांबी रुंदीच्या अठरा पट! नेहमीच्या फेरीबोटीत हे प्रमाण सहा-सातच्या आसपास असतं. असं पातं एकटं पाण्यात उभं केलं तर ते आडवं होऊन पडेल. म्हणून तशी दोन पाती घ्यायची, लांब अंतरावर ठेवायची आणि वरून पुलानं जोडायची. त्या बोटीची एकूण रुंदी ३०.५ मीटर आहे. बारीकपणातून वेग मिळतो, अंतरामुळे तोल सांभाळला जातो, आणि मधल्या पुलावर मोटारींसाठी भलंमोठं सपाट अंगण मिळतं. कार-फेरीला कॅटामरान इतकी चपखल का बसली, त्याचं खरं कारण हे अंगण आहे. मोटारी हलक्या असतात पण जागा खातात. खनिज किंवा धान्य न्यायचं असतं तर या रचनेकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

या बारीकपणाची दुसरी बाजू लोकांच्या लक्षात येत नाही. मी ढोबळ हिशोब सांगते. पाण्याच्या पातळीवर या दोन्ही हलचं मिळून क्षेत्रफळ हजारेक चौरस मीटर भरतं. म्हणजे दर १० टन वजन चढवलं की बोट एक सेंटीमीटर खाली बसते. एखाद्या १८० मीटरच्या पोलादी फेरीला तेवढंच बसायला ४० टन लागतील. म्हणजे पोलादी फेरीवर दोन ट्रक जास्त चढले तर कुणाला पत्ता लागत नाही. इथे ते वेगाच्या आकड्यात दिसतात.

मी काम केलेल्या एका कारखान्यात फाटकाशीच वजनकाटा होता. आत येणारी प्रत्येक वस्तू त्यावरून जायची: खुर्च्या, केबलची रिळं, गालिच्याचे गुंडाळे. रंगाऱ्याचा डबा सकाळी भरलेला आणि संध्याकाळी रिकामा असा दोनदा तोलायचा, म्हणजे बोटीला नेमका किती किलो रंग लागला ते कळतं. आम्हाला हे सुरुवातीला वेडेपणाचं वाटायचं. एका बोटीचं वजन हिशोबापेक्षा सरकत चाललं होतं आणि कुणाला कारण सापडत नव्हतं. शेवटी उलगडा झाला: मालकानं उपाहारगृहातल्या काउंटरला दगडी माथा मागवला होता, आणि अशा ‘एवढंच तर आहे’ जातीच्या बारा-पंधरा गोष्टी त्याच्यामागे उभ्या होत्या. दगड काढून मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ फळीवर दगडाची छटा असलेला कागद लावला. प्रवाशांना फरक कळला नाही. आम्हाला कळला.

सगळी बोट ॲल्युमिनियमची असते तीही यामुळेच. पोलादाची घनता ७.८५, ॲल्युमिनियमची २.७. पण म्हणून बोट एक तृतीयांश वजनाची होत नाही. ॲल्युमिनियमचा ताठपणाही पोलादाच्या एक तृतीयांशच असतो, त्यामुळे पत्रे जाड घ्यावे लागतात आणि शेवटी सांगाड्याचं वजन निम्म्याच्या आसपास उतरतं. तेही पुष्कळ झालं. पत्र्यांसाठी ५०८३ सारखे मॅग्नेशियमचे मिश्रधातू आणि ओढून काढलेल्या पट्ट्यांसाठी ६०८२ सारखे मिश्रधातू वापरतात. यातले दुसरे उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेले असतात, आणि वेल्डिंगची आच लागली की शिवणीलगतचा पट्टा पुन्हा मऊ पडतो, कधी कधी ताकद निम्म्यापर्यंत उतरते. म्हणून शिवण कुठे घ्यायची हे ठरवण्यातच आमच्या कामाचा मोठा भाग जातो. जिथे ताण सर्वात जास्त तिथे शिवण नको. हे सांगायला सोपं, करायला नाही, कारण कोपरे तिथेच असतात.

दोन हल वेगवेगळ्या लाटांवर असतात ना, त्यामुळे मधला पूल सतत पिळला जातो. तिरक्या लाटांत डावा हल पुढून वर, उजवा मागून वर. ओला कपडा पिळतात तसं. पोलादाला एका मर्यादेखालचा ताण लाखो वेळा दिला तरी ते सोसतं. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादाच नाही. छोटे ताणही मोजले जातात, साठत जातात, आणि एक दिवस चीर येते.

ही चीर शोधायची रीत अगदी साधी आहे. बोटीच्या पोटात, मागच्या भागात, हल आणि पूल जिथे भेटतात त्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसायचं. रंग खरवडून धातू उघडा करायचा. त्यावर लालभडक पातळ द्रव फवारायचा आणि पंधराएक मिनिटं थांबायचं. चीर असेल तर द्रव तिच्यात शिरतो. मग वरचा लाल रंग पुसून काढायचा आणि पांढरी भुकटी फवारायची. ती वाळत असताना बघत राहायचं. बहुतेक वेळा पांढरं पांढरंच राहतं. कधी कधी त्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते, आधी फिकट, मग हळूहळू स्पष्ट. मी अशा रेघा अनेकदा पाहिल्यात आणि दर वेळी पोटात थोडं हलतं. त्या बोटीत पायऱ्यांवर चढणारी मुलं वर दिसत असतात. घाबरायचं कारण नसतं. रेघ सापडली याचा अर्थच पद्धत चालते आहे. चिरेच्या टोकाला भोक पाडून तिला तात्पुरतं थांबवतात, मग तो भाग कापून नवा बसवतात. पण ‘ॲल्युमिनियम गंजत नाही, म्हणजे देखभाल नको’ असं कुणी म्हणालं की मला ती रेघ आठवते.

पुढच्या भागाचा आकार हा या बोटींचा चेहरा. साध्या कॅटामरानची दोन्ही तोंडं उंच आणि फुगीर असायची, लाट आली की बोट तिच्यावर चढायची आणि दाणकन आपटायची. लाट कापणाऱ्या बोटीत हलची टोकं बुटकी आणि टोकदार केली. त्यांच्यात तरंगवणारी जागाच कमी, त्यामुळे लाट त्यांना वर ढकलत नाही, ती लाटेत घुसून पलीकडे निघतात. मात्र मागून येणाऱ्या मोठ्या लाटांत ही टोकं घुसली ती घुसलीच राहिली तर काय? म्हणून मध्यभागी, पाण्याच्या वर, तिसरी नाळ लोंबती ठेवलेली असते. शांत समुद्रात ती पाण्याला शिवतही नाही. टोकं खोल गेली की ती पाण्याला टेकते आणि बोटीला उचलून धरते. मला या साऱ्या रचनेतली सर्वात हुशार गोष्ट हीच वाटते. तिची किंमत म्हणजे मधल्या बोगद्याच्या छतावर पाण्याचे तडाखे बसतात. सगळी बोट थरारते, प्रवाशांचे चहाचे कप उडतात, आणि त्या भागाचे पत्रे त्या धक्क्याच्या हिशोबानंच ठरवावे लागतात.

बोट लागणं हा तर वेगळाच विषय. माणसाच्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला सेकंदाला ०.२ च्या आसपासचे, म्हणजे पाच सेकंदांत एक असे वरखाली हेलकावे सर्वात वाईट झोंबतात. वेगवान कॅटामरान लाटांना भराभर भेटते, त्यामुळे काही समुद्रांत ती या पट्ट्याच्या पलीकडे निसटते, आणि काही समुद्रांत नेमकी त्यात जाऊन बसते. न्यूझीलंडच्या कुक सामुद्रधुनीत धावलेल्या अशा बोटींना लोकांनी ‘ओकारीचा धूमकेतू’ अशा अर्थाचं नाव ठेवलं होतं. यावर इलाज म्हणून पुढे पाण्याखाली उलट्या टी आकाराचा पंख आणि मागे हलणाऱ्या फळ्या लावतात. संगणक हेलकावा ओळखून त्यांचा कोन सेकंदासेकंदाला बदलतो. फरक पडतो, चांगला पडतो. पण रुंद कॅटामरानचा आडवा झोका जात्याच झटकन आणि तोकडा असतो, आणि ज्यांना लागायची त्यांना लागतेच.

ढकलणारी यंत्रणा थोडक्यात. पंखा नसतो, वॉटरजेट असतात. हलच्या तळातून पाणी आत ओढायचं, पंपानं मागे झोतासारखं फेकायचं. झोत वळवला की बोट वळते, झोतावर बादलीसारखं झाकण पाडलं की मागे जाते. त्यामुळे सुकाणूही लागत नाही. तीस नॉटच्या पुढे हे उघड्या पंख्यापेक्षा सरस, त्याखाली मात्र तोट्याचं. ११२ मीटरच्या बोटीत प्रत्येकी ९,००० किलोवॉटची चार डिझेल इंजिनं असतात. एकूण ३६ मेगावॉट. किलोवॉट-तासाला २०० ग्रॅम इंधन धरलं तर पूर्ण वेगात तासाला सात टनांहून जास्त डिझेल. हा आकडा डोक्यात ठेवा.

नियम वेगळे आहेत, तेही वजनामुळेच. पोलादी जहाजाचे सगळे नियम लावले तर बोट उभीच राहणार नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं वेगवान नौकांची स्वतंत्र संहिता केली. पहिली १९९४ ची, सुधारित २००० ची. तिचा गाभा असा: जहाजाला सगळं स्वतःच्या जिवावर निभवायला लावण्याऐवजी मार्गावर मदत जवळ हवी. प्रवासी बोटीनं आपल्या नेहमीच्या वेगानं आसऱ्याच्या जागेपासून चार तासांपेक्षा लांब जायचं नाही. लाटांची उंची परवान्यात लिहिलेल्या मर्यादेपुढे गेली तर निघायचंच नाही. अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण त्या ठरावीक बोटीचं आणि त्या ठरावीक मार्गाचं. सुकाणूघरात गेलात तर दोन अधिकारी विमानासारखे शेजारी शेजारी बसलेले दिसतील, कारण ४० नॉटला दोन सागरी मैल तीन मिनिटांत संपतात.

आगीचा नियम मला विशेष आवडतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि त्याच्या कितीतरी आधी, दोनशे अंशांच्या पुढेच, लेचंपेचं व्हायला लागतं. म्हणून मोटारींच्या डेकभोवती आणि इंजिनघराभोवती अग्निरोधक अस्तर असतं. ते किती वेळ टिकणार त्यातून सात मिनिटं वजा करायची आणि तीननं भागायचं. ६० मिनिटांचं अस्तर असेल तर १७ मिनिटं ४० सेकंदांत सगळी माणसं बोट सोडून तराफ्यांवर उतरली पाहिजेत, आणि हे घड्याळ लावून करून दाखवावं लागतं. कॅटामरानच्या बाजूला ज्या फुगणाऱ्या घसरगुंड्या असतात, त्या यासाठी.

आता तिसरा प्रश्न: या बोटींनी जग का जिंकलं नाही?

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचं उदाहरण या धंद्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं. १९९० च्या दशकात तिथल्या प्रांतिक सरकारनं ठरवलं, की व्हँकुव्हरजवळच्या हॉर्सशू बे ते नानाइमो या मार्गासाठी तीन ‘पॅसिफिकॅट’ बांधायच्या, आणि त्या निमित्तानं ॲल्युमिनियम जहाजबांधणीचा नवा उद्योगच उभा करायचा. एकेक बोट १२२ मीटरची, २५० मोटारींची. अंदाज २१ कोटी कॅनेडियन डॉलरचा होता, बिल ४५ कोटींच्या पुढे गेलं. १९९९ मध्ये पहिली बोट धावली आणि मग एकेक गोष्ट उघड होत गेली. किनाऱ्यालगतच्या लोकांनी तक्रार केली, की हिच्या लाटांनी धक्के आणि किनारे खराब होतात, म्हणून ठिकठिकाणी वेग कमी करायला लागला. त्या पाण्यात लाकडाचे ओंडके आणि कचरा तरंगत असतो, तो वॉटरजेटच्या तोंडात अडकू लागला. आणि मुळात वाचणार होता फक्त अर्धा तास. मोटारी रांगेत लावणं, चढवणं, उतरवणं यातला वेळ तेवढाच राहिला. २००० मध्ये बोटी बाजूला काढल्या, २००३ मध्ये तिन्ही मिळून १ कोटी ९४ लाख डॉलरला लिलावात गेल्या.

लोक म्हणतात बोटी वाईट होत्या. माझं मत तसं नाही. मार्ग चुकीचा होता. तासा-दीड तासाच्या, आडोशाच्या, अरुंद पाण्याच्या मार्गावर वेगाला जागाच नव्हती.

त्या लाटांचं गणितही बघण्यासारखं आहे. उथळ पाण्यात प्रत्येक खोलीला एक क्रांतिक वेग असतो. गुरुत्वाचं त्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. १० मीटर खोलीला तो साधारण १९ नॉट, २० मीटरला २७, ४० मीटरला ३८-३९. बोट नेमकी या वेगाच्या आसपास राहिली की तिची ऊर्जा लांबच लांब, बुटक्या लाटांमध्ये साठते. भर पाण्यात अशी लाट कुणाला जाणवतही नाही. बोट दिसेनाशी झाल्यावर काही मिनिटांनी ती किनाऱ्याला पोचते आणि तिथे उंच होऊन आत घुसते. म्हणून किनाऱ्याजवळ कप्तानाला एक तर क्रांतिक वेगाच्या बरंच खाली राहावं लागतं, नाहीतर झटकन ओलांडून पुढे जावं लागतं. मधे रेंगाळणं सर्वात वाईट, आणि ‘थोडा वेग कमी करा’ असा भाबडा नियम केला तर बोट नेमकी मधेच येऊन बसू शकते.

दुसरं उदाहरण इंधनाचं. फिनलंडमध्ये बांधलेली ‘स्टेना एचएसएस’ ही या जातीतली सर्वात दिमाखदार बोट. १९९६ मध्ये पहिली, ‘स्टेना एक्सप्लोरर’, वेल्समधल्या होलिहेडहून आयर्लंडच्या डन लॅरीला धावू लागली. ४० मीटर रुंद, १,५०० प्रवासी, ३७५ मोटारी, विमानाच्या इंजिनांवरून घडवलेले चार गॅस टर्बाइन, आणि जाहिरातीत ९९ मिनिटांचा प्रवास. टर्बाइन निवडले कारण ताकदीच्या मानानं ते डिझेल इंजिनापेक्षा कितीतरी हलके. पण खादाड. तेल स्वस्त होतं तोवर सगळं झकास चाललं. तेल महागल्यावर फेऱ्या सावकाश करण्यात आल्या, ९९ मिनिटांचे जवळपास दोन तास झाले, आणि सावकाश जाणारी वेगवान बोट घेऊन करायचं काय, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. शिवाय तिला धक्काही खास तिच्यापुरता बांधलेला लागे, त्यामुळे दुसरीकडे हलवणंही सोपं नव्हतं. एकेक करून या जातीच्या तिन्ही बोटी बंद झाल्या. ‘एक्सप्लोरर’ तुर्कस्तानला कार्यालय म्हणून विकली गेली. जपानच्या त्सुगारू सामुद्रधुनीत २००७ मध्ये आलेल्या ११२ मीटरच्या ‘नाच्चान रेरा’ची फेरी पुढच्याच वर्षी बंद पडली. २००८ च्या जुलैत तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं होतं. मगाचा तासाला सात टनांचा आकडा इथे लावून पाहा.

काहींना दुसरा जन्म मिळाला. १९९९ मध्ये पूर्व तिमोरच्या मोहिमेत ऑस्ट्रेलियाच्या नौदलानं इनकॅटची एक फेरी भाड्यानं घेऊन डार्विनहून तिमोरमधल्या दिली या शहरापर्यंत सैन्याची वाहतूक केली. अमेरिकेनं ते पाहिलं, आधी भाड्यानं घेतल्या, मग ऑस्टल या दुसऱ्या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या अलाबामातल्या कारखान्यातून अशा बोटींचा अख्खा वर्ग बांधून घेतला. लष्कराला तिकिटाचा हिशोब करायचा नसतो.

आणि जिथे मार्ग बरोबर आहे तिथे या बोटी आजही मजेत चालतात: डेन्मार्कच्या काटेगाटमध्ये, कॅनरी बेटांमध्ये, आणि ब्वेनोस आयरेस ते उरुग्वे या रिओ दे ला प्लातावरच्या मार्गांवर. दोन्ही टोकांना मोठी गर्दी, आणि रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा. या नदीवर २०१३ मध्ये ९९ मीटरची ‘फ्रान्सिस्को’ आली. उणे १६२ अंशांवर द्रवरूप केलेल्या नैसर्गिक वायूवर चालणारे दोन टर्बाइन, आणि चाचणीत ५८.१ नॉट, म्हणजे ताशी जवळपास १०८ किलोमीटर. तेवढ्या आकाराच्या बोटीसाठी हा आकडा अजूनही ऐकायला खोटा वाटतो.

‘फ्रान्सिस्को’ चालवणाऱ्या कंपनीसाठीच होबार्टमध्ये २ मे २०२५ रोजी पाण्यात उतरलेली ‘चायना झोरिला’ मात्र उलट्या दिशेनं जाते. १३० मीटर लांब, २,१०० प्रवासी, २२५ मोटारी, आणि इंजिनच नाही: ४० मेगावॉट-तासांच्या, अडीचशे टनांच्या बॅटऱ्या. वेग सुमारे २५ नॉट. हिची कल्पना निघाली तेव्हा तीही वायूवरच चालणार होती. बॅटऱ्यांचा निर्णय मागाहून झाला. आता वजनाचा हिशोब करा. ४० मेगावॉट-तास काम डिझेलकडून करून घ्यायचं तर साधारण आठ टन डिझेल पुरतं. म्हणजे आठ टनांच्या जागी अडीचशे टन! मगाच्या ३६ मेगावॉटच्या बोटीनं ४० नॉटनं पळत या बॅटऱ्या वापरल्या तर तासाभरात संपतील. म्हणून वेग सोडला, आणि मार्ग पन्नासेक किलोमीटरचा निवडला. पोलादी बोटीत आधीच जास्त असलेल्या वजनावर हे अडीचशे टन चढवणं फार अवघड गेलं असतं. इथे मात्र चाळीस-पन्नास वर्षं वेगासाठी किलो-किलो वाचवत आलेल्या लोकांनी ती सगळी बचत बॅटरीवर खर्च केली. त्या कारखान्याच्या फाटकावर वजनकाटा आहे का ते मला माहीत नाही, पण असेल तर बॅटऱ्यांच्या पेट्या आत येत असताना तिथे उभं राहायला मला आवडलं असतं.